नाताळचा तारा

नाताळच्या दिवसांत वसईकडच्या एखाद्या गावातून संध्याकाळी चालत गेलात, तर घरोघरी पुढच्या बाजूला तारे टांगलेले दिसतील. आत दिवा, बाहेर रंगीत कागद. आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच म्हणा ना! देव्हाऱ्यातला दिवा घरातल्यांसाठी असतो. हा तारा मात्र रस्त्याने जाणाऱ्यासाठी. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूपर्यंत नेणारा जो तारा आहे, तोच हा. आणि तो हेरोद राजाच्या वाड्यावर थांबला नाही, हे ध्यानात घ्या.

अशा ताऱ्यांपैकी एका प्रसिद्ध ताऱ्याचा जन्म शाळेच्या वर्गात झाला. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांना ही हकीकत आवडेल.

पूर्व जर्मनीत हेर्नहूट नावाचे लहानसे गाव आहे. धर्मापायी छळ सोसून मोराविया प्रांतातून निघालेल्या लोकांनी १७२२ साली झिन्झेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर ते वसवले. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात आपण कोमेनियसचे नाव वाचतो ना, तो यांच्याच जुन्या पंथाचा बिशप. आता, एकाच दुःखातून आलेली माणसे गुण्यागोविंदाने राहतील असे आपल्याला वाटते. पण छे! पाच वर्षांत गावात इतकी भांडणे माजली, की वस्ती मोडते की काय अशी वेळ आली. झिन्झेनडॉर्फने लोकांमध्ये बसून त्यांची समजूत काढली, एकत्र राहण्याचे नियम सर्वांकडून मान्य करून घेतले, आणि १३ ऑगस्ट १७२७ रोजी ही भांडलेली माणसे एकत्र प्रभुभोजनाला बसली. हा समाज आपला खरा जन्म त्या दिवसापासून मोजतो. पुढे १७३२ पासून त्यांचे लोक दूरदेशी निघाले. पहिले दोघे वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे गेले. १८८५ मध्ये ते आपल्या लडाखात लेहलाही पोचले.

आईबाप समुद्रापार, तर मुलांचे काय? ती समाजाच्या शाळांतून राहात. नीस्की गावच्या अशाच एका शाळेत १८३० नंतरच्या दशकात भूमितीच्या तासाला मुलांकडून कागदी तारा करवून घेतला गेला. आज हेर्नहूटला जो तारा होतो, त्याला चौकोनी पायाची १७ आणि त्रिकोणी पायाची ८ अशी २५ टोके असतात. मुळातल्या घनाकृतीला बाजू २६. उरलेली एक टांगण्यासाठी मोकळी! नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी तो लावायचा. घरापासून लांब राहणाऱ्या त्या पोरांना त्या उजेडात काय दिसत असेल, ते वसतिगृहात राहिलेल्यालाच कळेल.

मीही राहिलो आहे. सहावीत असताना आमच्या खोलीत नगरकडचा एक ख्रिस्ती मुलगा होता. दिवाळीच्या कंदिलाच्या उरलेल्या कामट्या आणि पतंगाचा लाल कागद घेऊन त्याने तारा केला, आत विजेचा दिवा सोडला आणि खिडकीशी टांगला. उजेड नेमका माझ्या डोळ्यांवर यायचा. दोन दिवस धुसफूस झाली, आणि तिसऱ्या रात्री मी उठून तारा ओढून काढला. कागद टरकन फाटला.

सकाळी तो काही बोलला नाही. जेवणाच्या ताटातली चार शिते बाजूला ठेवून त्याने कागदाला ठिगळ लावले, आणि संध्याकाळी माझ्या खाटेवर उजेड पडणार नाही अशा बेताने तारा पुन्हा टांगला. तो माझ्याशी भांडला असता तर बरे, असे मला वाटत राहिले. क्षमा मागायला मला जानेवारी उजाडला. तोवर रोज रात्री दिवा लागला की बाकीचा तारा लाल दिसे आणि ठिगळ तेवढे काळे. आणि मी त्याच्याकडे पाठ करून झोपत असे.