नटाचा आजार आणि शेजाऱ्याचा आजार

(शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तेरा ते एकोणीस वर्षे हे वय मोठे विलक्षण असते. आईवडिलांच्या सावलीतून बाहेर पडू पाहणारे मन याच वयात घराबाहेर कोणीतरी आदर्श शोधू लागते. आजच्या आजोबांनी तरुणपणी आवडत्या नटाचे चित्र ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटविले होते. त्यांच्या नातवाने ते मोबाइलमध्ये साठविले आहे. साधन बदलले, वृत्ती तीच राहिली. म्हणून या वेडाची नुसती टिंगल करून अथवा छडी उगारून काही साधण्यासारखे नाही. या वेडामागे जी शक्ती आहे ती कोणत्या दिशेने वाहते, हा खरा प्रश्न होय. आरोग्याच्या क्षेत्रात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कारण आपला आवडता नट किंवा खेळाडू आजारी पडला, की एरवी आजाराचे नावही न काढणारी मुले त्या आजाराविषयी कान देऊन ऐकू लागतात.

२६ जुलै १९८२ रोजी बंगळूर येथे 'कुली' या चित्रपटातील मारामारीच्या दृश्याचे चित्रीकरण चालू असताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली. पुढे मुंबईच्या रुग्णालयात त्यांची मृत्यूशी झुंज चालू असता देशभर देवळांत, मशिदींत व चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. त्यांना रक्ताची फार गरज होती. त्यांनी स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, सुमारे २०० जणांनी दिलेल्या रक्ताच्या सुमारे ६० बाटल्या त्यांच्या शरीरात गेल्या. त्यांपैकी एका दात्याच्या रक्तात हेपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचे विषाणू होते. याचा पत्ता कित्येक वर्षांनी, नेहमीच्या तपासणीत लागला. तोपर्यंत यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाला होता.

या घटनेत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. रक्त देणाऱ्याने प्रेमापोटीच दिले. परंतु प्रेमाला तपासणीची जोड नव्हती. आज रक्तपेढीत दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच रोगांसाठी तपासणी सक्तीची आहे. नवजात बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बीची लस देण्याची व्यवस्थाही शासकीय लसीकरण कार्यक्रमात आहे. ही माहिती एरवी विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. परंतु नटाच्या कहाणीच्या निमित्ताने सांगितली, तर ती त्यांच्या मनात पक्की बसते.

याच नटाला २००० साली, दूरदर्शन संचावरील 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळात, पाठीच्या कण्याचा क्षयरोग झाला होता. औषधोपचाराने तो पूर्ण बरा झाला. पुढे त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली आणि क्षयरोगविरोधी प्रचारात भाग घेतला. या बोलण्याचे मोल कमी नाही. क्षयरोग हा दरिद्री व अस्वच्छ माणसालाच होतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. तिच्यापायी मुलीचे लग्न मोडेल या भीतीने आईबाप तिचा खोकला लपवितात. ज्याच्या घरी कशाची वाण नाही, अशा माणसानेच 'मलाही झाला होता' असे म्हटले, की त्या समजुतीचा पाया हादरतो.

हाच अनुभव पुढेही आला. २०११ च्या क्रिकेट विश्वचषक स्पर्धेत मालिकावीर ठरलेले युवराज सिंग यांच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्यभागी, कर्करोगाची गाठ आढळली. स्पर्धा चालू असतानाच त्रास होत होता. परंतु खेळाच्या भरात त्याकडे दुर्लक्ष झाले, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. २०१२ च्या आरंभी अमेरिकेत उपचार घेऊन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुन्हा मैदानावर उतरले. दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपल्याला नैराश्याने ग्रासले होते, असे सांगितले. यश, पैसा व कीर्ती पायाशी असताना मन आजारी पडू शकते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना प्रथमच उमगली.

तथापि, या लाभाला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अंतराची. परदेशात उपचार घेऊन बरा झालेला खेळाडू पाहून गावातील मुलगा म्हणतो, 'त्याचे काय, त्याच्याजवळ पैसा आहे.' कौतुक राहते, पण धीर येत नाही. दुसरी मर्यादा अधिक घातक आहे. अनुभव सांगणे वेगळे आणि औषध सुचविणे वेगळे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका माजी क्रिकेटपटूने, आपल्या पत्नीच्या कर्करोगावर लिंबू-पाणी, हळद व कडुनिंब यांसह विशिष्ट आहाराचा गुण आल्याचे जाहीरपणे सांगितले. वास्तविक त्या बाईंवर शस्त्रक्रिया व केमोथेरपी हे उपचारही झाले होते. अखेर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना निवेदन काढावे लागले, की अशा दाव्यांना शास्त्रीय पुरावा नाही आणि रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. चाहत्याची श्रद्धा जितकी मोठी, तितकी प्रसिद्ध व्यक्तीच्या एका वाक्याची किंमत मोठी, हे यावरून ध्यानी यावे.

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. आजार झालेला माणूस प्रसिद्ध नसेल तर काय होते?

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमितपणे रक्तदान करीत असे. रक्ताच्या तपासणीत त्याला एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. १९८९ च्या फेब्रुवारीत हे त्याला कोणा डॉक्टराने जवळ बसवून समजावून सांगितले नाही. पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापसा येथील वापरात नसलेल्या क्षयरोग-रुग्णालयाच्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले. बाधित व्यक्तीस सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद त्या वेळच्या कायद्यात होती. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. ६४ दिवसांनंतर त्याची सुटका झाली.

१९८२ साली रुग्णशय्येवरील नटासाठी सारा देश प्रार्थना करीत होता. १९८९ साली इतरांना रक्त देणाऱ्या एका तरुणाला मात्र कैद्यासारखे कोंडण्यात आले. दोघांच्याही शरीरात विषाणू होता. फरक एवढाच, की एकाचे नाव सर्वांना ठाऊक होते.

डिसोझा मात्र गप्प बसले नाहीत. आपला अनुभव ते जाहीरपणे सांगू लागले आणि १९९२ मध्ये त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे काळ पालटला. २००४ पासून शासनातर्फे एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास आणि तिच्या संमतीवाचून तिची माहिती उघड करण्यास मनाई केली. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या परिवर्तनामागे अनेकांचे श्रम आहेत; परंतु आपला आजार स्वतःच्या नावानिशी सांगणाऱ्या सामान्य रुग्णांचे धैर्य त्यात अग्रभागी आहे.

गावातल्या मुलाला नटापेक्षा अधिक शिकवील तो त्याच्याच वाड्यावरचा बरा झालेला माणूस. सहा महिने गोळ्या घेताना मळमळ कशी होई, दोन महिन्यांत बरे वाटू लागल्यावर औषध सोडण्याचा मोह कसा झाला, कोणी पाणी देण्याचे टाळले आणि कोण रोज विचारपूस करून गेले, हे तोच सांगू शकेल. क्षयरोगाच्या शासकीय कार्यक्रमातही आता बरे झालेले रुग्ण इतर रुग्णांना धीर देण्याचे काम करतात. तपासणी व औषधे मोफत आहेत. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, हे वाक्य फलकावर शंभरदा लिहिले, तरी शेजाऱ्याच्या तोंडून एकदा ऐकण्याची सर त्याला येत नाही.

मात्र अशा बोलण्यास वातावरण पोषक हवे आणि ते निर्माण करणे शिक्षक, पंचायत व कर्मचारी यांच्या हाती आहे. रुग्णाने स्वखुशीने होकार दिला तरच त्याला शाळेत वा सभेत बोलवावे. आग्रह धरू नये. नोंदवहीतील नाव चहाच्या टपरीवर पोहोचू नये. रुग्णाने अनुभव सांगावा. औषधाविषयीच्या प्रश्नांना डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने उत्तर द्यावे, म्हणजे एकाचे औषध दुसरा घेणार नाही. सभेनंतर त्याच्याबरोबर चहा घेण्यास गावातील जाणत्यांनी प्रथम पुढे व्हावे. मुले भाषणापेक्षा तेच अधिक पाहतात. मनाच्या आजाराबाबत एखादा विद्यार्थी बोलू लागला, तर त्याला हसून न उडविता ऐकून घ्यावे आणि १४४१६ या 'टेलि-मानस' दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी.

मुलांनी नटांची चित्रे खुशाल जपावीत. परंतु दूरच्या नटासाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या मुलाला शेजारच्या आजारी माणसाच्या ओटीवर जाऊन बसण्याचे शिक्षण घराने व शाळेने दिले पाहिजे. ज्या गावात सामान्य रुग्णाला आपला आजार लपवावा लागत नाही, त्या गावात रोग लवकर कळतो आणि लवकर बरा होतो. असे गाव घडविण्यास मोठा निधी लागत नाही. ऐकून घेणारी माणसे लागतात.