पडद्यावरून पडते ती कोण?

कामं आवरता आवरता ऐकत असाल तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. आज आपण सिनेमातल्या मारामारीबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात मारामारी कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपला विषय मारामारीचा नाही, कामाचा आहे. पडद्यावर कुणी घोड्यावरून कोसळतं, गच्चीवरून उडी घेतं, पेटत्या घरातून पळतं. ते काम कुणीतरी खरंच करत असतं. त्या करणाऱ्यांत बायकाही असतात. त्या कामात कारागिरी काय असते आणि ते करणाऱ्या बाईच्या पदरात काय पडतं, ते आज बघूया.

‘शोले’ माहीत नसलेलं घर सापडायचं नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. बसंतीच्या मागे डाकू लागतात आणि ती धन्नोला पिटाळते, तो टांग्याचा प्रसंग डोळे मिटले तरी दिसतो. आपल्याला तिथे हेमामालिनी दिसतात. पण त्यातला जोखमीचा भाग केला रेश्मा पठाण यांनी. घरची परिस्थिती बेताची, म्हणून रेश्माताई कोवळ्या वयात या कामात आल्या. त्याआधी नायिकेच्या जागी पुरुषालाच बाईचे कपडे घालून, केसांचा टोप चढवून उभं करायची पद्धत होती. रेश्माताई त्यात शिरल्या आणि टिकल्या. स्टंट कलाकारांच्या संघटनेतली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. ‘शोले’च्या टांग्याच्या प्रसंगात त्या जखमीही झाल्या होत्या. त्यांच्या आयुष्यावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट आला तो २०१९ साली. म्हणजे ‘शोले’ लागल्यानंतर ४४ वर्षांनी बऱ्याच लोकांना कळलं की तो टांगा कुणी पळवला.

आपल्याकडे बाईनं पडद्यावर धाडस करणं त्याहूनही जुनं आहे. १९३५ साली ‘हंटरवाली’ आला. त्यातली नादिया ऑस्ट्रेलियात जन्मलेली, खरं नाव मेरी इव्हान्स. परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये तिनं चाबूक चालवला, घोडे दौडवले, आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या केल्या, आणि तेही स्वतः. पुढे त्याच जागेत शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ झाला. नादिया मात्र नायिका होती, तिचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत असे. दुसरीच्या जागी पडणाऱ्या बाईचं तसं नसतं. तिचं काम उत्तम झालं असं कधी म्हणायचं? जेव्हा ती कुणाला ओळखूच येत नाही तेव्हा!

आता ही कामं करतात कशी, ते ऐका. आपल्याला वाटतं, काळीज घट्ट करायचं आणि उडी मारायची. तसं मुळीच नाही.

उंचावरून पडायचं असेल तर खाली हवेची मोठी गादी ठेवतात. पण पूर्वीपासूनची आणि आजही वापरात असलेली युक्ती आहे रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची. खोक्यांचे थर रचायचे, वरून सतरंज्या नाहीतर गाद्या टाकायच्या. माणूस पडला की एकेक थर चिरडत जातो आणि पडण्याचा जोर थोडा थोडा करून खातो. एकदम थांबलं तर हाडं मोडतात, हळूहळू थांबलं तर वाचतात, एवढंच त्यातलं शास्त्र. पडतानाही पाठ टेकेल असंच पडायचं. पाय आधी टेकले तर घोटे गेलेच म्हणून समजा.

फुटणारी काच ही काच नसते. पूर्वी ती साखरेच्या पाकाची करत, आता बहुधा राळेसारख्या पदार्थाची करतात. मोडणारी खुर्ची हलक्या लाकडाची असते. ठोसा तर लागतच नाही. कॅमेरा अशा कोनात ठेवतात की गालापासून वीतभर लांबून गेलेला हात गालावर बसल्यासारखा दिसतो. ‘धाड’ असा आवाज नंतर भरतात. खरं कसब मार खाणाऱ्याचं. मान केव्हा वळवायची, तोल कुठे सोडायचा, हे त्यानं नेमक्या क्षणी केलं नाही तर मारणारा कितीही तगडा असो, सगळं खोटं वाटतं.

आगीचं काम सगळ्यात नाजूक. आतून आग न पकडणारे कपडे असतात, अंगावर गार जेल लावलेलं असतं. पेटलेलं असताना श्वास घ्यायचा नाही, हा पहिला नियम, कारण गरम धूर आत गेला तर छाती भाजते. बाजूला माणसं ओल्या कापडानिशी तयार उभी असतात. किती सेकंद पेटायचं आणि कुठल्या खुणेवर जमिनीवर आडवं व्हायचं, हे आधी पुन्हा पुन्हा ठरलेलं असतं.

ही तयारी किती असते? टॉम क्रूझ या अमेरिकन नटानं ‘मिशन इम्पॉसिबल’च्या २०२३ साली आलेल्या भागासाठी नॉर्वेत डोंगराच्या कड्यावरून मोटरसायकलसकट उडी घेतली आणि हवेत पॅराशूट उघडलं. पडद्यावर ते काही क्षणांत संपतं. त्याआधी सरावात त्यानं विमानातून सुमारे ५०० उड्या घेतल्या आणि मोटरसायकलच्या जवळजवळ १३,००० उड्या मारल्या. दहीहंडीच्या दिवशी आपण थर बघतो, त्यामागे गोविंदांचा महिना-दोन महिन्यांचा सराव असतो. महिलांच्या पथकांतल्या मुलींना विचारा. सगळ्यात वरच्या मुलीचं धाडस हे खालच्या खांद्यांवरच्या भरवशाचं असतं. इथेही तसंच आहे. तार धरणारा, गादी मांडणारा, वेळ मोजणारा, या सगळ्यांच्या भरवशावर एक जण उडी मारतो.

कुणी म्हणेल, आता संगणक आला, खरं काही करतच नसतील. तर तसंही नाही. २०१५ साली आलेल्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ या चित्रपटाचं उदाहरण घ्या. दिग्दर्शक जॉर्ज मिलर, चित्रीकरण बहुतेक आफ्रिकेतल्या नामिबियाच्या वाळवंटात. त्यात धावत्या गाड्यांवर उंच खांब आहेत आणि खांबांच्या टोकावर माणसं डोलताहेत, एका गाडीवरून दुसरीवर झेपावताहेत. हे खरंच केलेलं आहे. कशीही पाडली तरी उठून उभी राहणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल, तिच्या बुडाशी वजन असतं. तसंच खांबाच्या बुडाशी वजन लावलं, म्हणजे खांब कलला तरी परत वर यायचा. ही चाल बसवली गाय नॉरिस यांच्या स्टंटच्या चमूनं. नायिका फ्युरिओसा झाली चार्लीझ थेरॉन, आणि तिच्या जागी अवघड काम करणारी होती न्यूझीलंडची डेना ग्रँट.

मग संगणकानं काय केलं? खूप केलं. पण बरंचसं पुसण्याचं आणि रंगवण्याचं. माणसाला बांधलेली तार चित्रातून काढून टाकली. यातला फायदा बघा. पूर्वी तार दिसू नये म्हणून ती बारीक घ्यावी लागे. आता ती नंतर पुसता येते, म्हणून जाड आणि भक्कम घेता येते. संगणकानं खरं काम घालवलं नाही. नीट वापरला तर तो करणाऱ्याचा जीव जपतो.

या चित्रपटातली आणखी एक बाई मला सांगायचीच आहे. मार्गारेट सिक्सेल, संकलन करणारी. तिच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रीकरण होतं. त्यातून तिनं दोन तासांचा चित्रपट काढला, आणि त्यात सुमारे २,७०० तुकडे जोडले. आपण गोधडी शिवतो तेव्हा चिंध्या कितीही रंगांच्या असल्या तरी टाका सरळ लागतो, तसं. त्यात एक युक्ती होती. प्रत्येक तुकड्यात बघायची गोष्ट पडद्याच्या मधोमध ठेवायची, म्हणजे दृश्य बदललं तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. म्हणून इतक्या धावपळीतही कोण कुठे आहे हे कळतं. या कामाला तिला ऑस्कर मिळालं.

आता थोडं बाईच्या वेगळ्या अडचणीबद्दल. नायकाच्या जागी पडणारा पुरुष जाड जाकिटाच्या आत, पँटच्या आत कोपराला, गुडघ्याला, पाठीला पॅड बांधतो. नायिकेला मात्र बिनबाह्यांचा झगा नाहीतर तंग कपडे असतात. पॅड लपवायचं कुठे? म्हणजे पडायचं त्याच उंचीवरून, त्याच जमिनीवर, पण संरक्षण कमी. पगाराची, मानाची तुलना तर वेगळीच. हे ज्या दिवशी कपडे शिवणाऱ्याच्या आणि प्रसंग लिहिणाऱ्याच्या ध्यानात येईल, त्या दिवशी अर्ध्या जखमा टळतील असं मला वाटतं.

कारण जखमा होतात, मैत्रिणींनो. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेत ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या चित्रीकरणात ऑलिव्हिया जॅक्सन ही स्टंटबाई मोटरसायकल चालवत होती. समोरून येणारा कॅमेऱ्याचा क्रेन वेळेत वर गेला नाही. तिला डावा हात गमवावा लागला. तिच्या कसबात काही उणं नव्हतं. आपल्याकडे १३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत नागपट्टिनमकडे एका चित्रपटाच्या चित्रीकरणात गाडी उलटवण्याचा स्टंट करताना मोहनराज हे अनुभवी स्टंट कलाकार दगावले. अशी बातमी आली की आपण म्हणतो, धोक्याचंच काम, चालायचंच. पण तेरा हजार उड्यांचा सराव ज्याला परवडतो तो सुखरूप उतरतो, आणि ज्याला एका दिवसात काम उरकायचं असतं तो अडकतो, यातला फरक नशिबाचा नाही. तो वेळेचा आणि पैशाचा आहे.

उद्या हातपाय मोडला तर घर कोण चालवणार, हा प्रश्न इथेही आहेच. अभिनेता अक्षयकुमार यांनी २०१७ साली पुढाकार घेऊन स्टंट कलाकारांसाठी उपचारांचा आणि अपघाताचा विमा सुरू केला. चांगलंच केलं. पण शेकडो माणसांचं औषधपाणी एखाद्याच्या चांगुलपणावर का अवलंबून असावं? बांधकामावर डोक्यावरून पाट्या वाहणारी आपली बहीण असो की पडद्यावर गच्चीवरून पडणारी, नोंद, विमा आणि नाव या तीन गोष्टी कामाबरोबरच मिळायला हव्यात. त्या काही कुणी केलेले उपकार नव्हेत.

आणि ही कामं बायका किती कारणांनी करतात! गीता टंडन यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे, की लहान वयात लग्न झालं, छळ सोसला, दोन मुलांना घेऊन घर सोडलं आणि पुढे स्टंट करून मुलांना वाढवलं. नायिका ओळखीच्या, त्यांच्या जागी आग झेलणारी गीता अनोळखी. पण त्या आगीवर तिच्या घरची चूल पेटत होती.

मानाच्या बाबतीत एक चांगली बातमी आहे. ऑस्कर पुरस्कारांत इतकी वर्षं वेशभूषेला, रंगभूषेला, ध्वनीला बक्षीस होतं, स्टंटला नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२७ मध्ये येणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या रचनेला पुरस्कार मिळेल. तो २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात दिला जाईल. आपला देश इथे त्यांच्या पुढे होता बरं का! आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २०१६ च्या चित्रपटांपासूनच साहसदृश्यांना बक्षीस आहे, आणि पहिलं मिळालं मल्याळम ‘पुलिमुरुगन’साठी पीटर हेन यांना.

जाता जाता दोन गोष्टी सांगते. पहिली घरातल्या मुलामुलींसाठी. मोबाइलवर रील बघून पोरं रुळांवर उभी राहतात, चालत्या गाडीतून लोंबकळतात. त्यांना ‘सिनेमातलं सगळं खोटंच असतं’ असं सांगू नका, ते ऐकणार नाहीत. खरं काय ते सांगा. तिथे खाली खोकी होती, कमरेला तार होती, बाजूला ओली कापडं घेऊन माणसं उभी होती, डॉक्टर होता, आणि उडी मारणाऱ्यानं आधी हजार वेळा सराव केला होता. तुझ्या खाली काय आहे, ते आधी बघ. धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हे. धाडस म्हणजे तयारी, हे पोरांना पटतं.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. सिनेमा संपला की आपण लगेच चपला शोधतो, नाहीतर टीव्ही बंद करून ताटं घ्यायला उठतो. त्या वेळी पडद्यावर बारीक अक्षरांत नावं सरकत असतात. त्यात फाइट मास्टरचं नाव असतं, कधी स्टंट करणाऱ्या मुलींचीही असतात. एखाद्या दिवशी थांबा आणि एक तरी नाव मोठ्यानं वाचा. शेजारी बसलेल्या लेकीला सांगा, की ती उडी नायिकेनं नाही, हिनं मारली.

पुढच्या आठवड्यात भेटूया. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.