उपचारातील आपला वाटा
(पंचायत सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला असेल. १७५६ मध्ये कांदोळी येथे जन्मलेल्या या धर्मगुरूने १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करून दाखविले. प्रयोग करणाऱ्याच्या देहातून एखादे गूढ द्रव्य वाहत येऊन समोरच्यावर परिणाम करते, असा समज त्या काळी रूढ होता. फारियांनी तो खोडून काढला. ज्याच्यावर प्रयोग होतो, त्याच्याच मनातून हा परिणाम उत्पन्न होतो, असे त्यांनी प्रतिपादिले.

संमोहन आणि आजचे समुपदेशन या भिन्न गोष्टी होत. तथापि हे सूत्र दोहोंना लागू पडते. दाढ दुखली की आपण तोंड उघडून बसतो. पुढचे काम दंतवैद्य करतो. मनाच्या दुखण्यात नुसते बसून भागत नाही.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. वडिलांच्या निधनानंतर माझी झोप उडाली, म्हणून समुपदेशकाकडे गेलो. परंतु शासकीय पत्रके लिहिण्यात उमेद गेलेली. 'परिस्थिती समाधानकारक आहे' हे वाक्य ओठांवर तयारच! दोन भेटींत मी तेच सांगितले. तिसऱ्या भेटीत कबूल केले की, सांगितलेली टिपणे मी लिहिलीच नाहीत. आणि शेवटच्या महिन्यात वडिलांशी माझा अबोला होता. त्या दिवशी कोठे उपचारास आरंभ झाला.

तेव्हा चांगला रुग्ण म्हणजे आज्ञाधारक रुग्ण नव्हे. त्याने खरे बोलावे. सर्व सांगवत नसेल, तर 'आज हे सांगवत नाही' एवढे तरी सांगावे. सल्ला पटला नाही, तर तसे समोर बोलावे. मनात ठेवून पुढची भेट चुकवू नये. औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नये.

आणि घरी करावयाचे काम करावे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाने प्रसिद्ध केले. त्यातील समुपदेशक डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक होते. भेटी सहा ते आठ. सुटून गेलेली कामे रुग्णाने थोडी थोडी पुन्हा हाती घ्यावीत, हा उपचाराचा गाभा. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांत सावरलेल्यांचे प्रमाण अधिक आढळले.

गावात बोभाटा होईल, ही भीती मी जाणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीविताला धोका असण्यासारखे मोजके अपवाद त्यात आहेत. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' सेवा विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे. बांबोळीला मनोविकार रुग्णालयही आहे.

दार उघडे आहे. आत जाऊन काय बोलावयाचे, ते मात्र आपल्याच हाती आहे.