वाण दिलं म्हणजे काम संपलं नाही

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, माझं आयुष्य पिकांच्या रोगांत गेलं, तेव्हा आजही बोलणार ते रोगाबद्दलच.

१९९४ साली जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण अधिसूचित झालं आणि पुढं मध्य प्रदेश-महाराष्ट्रात शिवारंच्या शिवारं त्यानं व्यापली. १९९४च्याच खरिपात कृष्णाकाठी सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला. मी नोकरीत नवखा होतो. मिरजेच्या पुढं एका शेतकऱ्यानं आमची गाडी थांबवली. "सायेब, पानं गळाय लागल्यात, शेंगा तर भरल्याच न्हाईत." आमचे वरिष्ठ सर चिखलात बसले, पान उलटं केलं, भिंग लावलं. पानाखाली बारीक फोड होते. बोट फिरवलं की विटकरी पूड हाताला लागायची. सर त्या शेतकऱ्याला खोटा धीर देऊ शकले नाहीत.

सर प्रत्येक शिवारातलं पान वाळवून, गाव-तारीख लिहून जपत. ते निवृत्त झाल्यावर खोली रिकामी करायची म्हणून ती सगळी खोकी बाहेर फेकली गेली. कुणी विचारलंही नाही. बुरशी वर्षागणिक कशी बदलत गेली, हे आज त्या पानांतून वाचता आलं असतं. मला त्याचा राग अजून आहे.

पुढं सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रानं फुले अग्रणी, फुले संगम अशी तांबेऱ्यापुढं तग धरणारी वाणं दिली. सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत त्यांचं मोल काय, ते तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. पण वाण बाहेर पडलं की आपण सगळे हात झटकून मोकळे होतो. एका वर्षी आमच्या निरीक्षण प्लॉटचं अनुदान बंद झालं. फाइलवर शेरा होता, 'रोग आढळत नाही, सबब आवश्यकता नाही.' अहो, वाण टिकून होतं म्हणून रोग आढळत नव्हता! आणि ते अजून टिकून आहे की नाही, हे सांगणारी जागा तेवढी एकच होती. बढतीच्या अर्जात किती वाणं प्रसारित केली ते विचारतात. त्यातलं एखादं किती वर्षं टिकलं, असा रकाना मी कधी पाहिला नाही.

ब्राझीलकडं बघा. तिथं हा तांबेरा २००१ मध्ये पोचला. आरपीपी-१ आणि आरपीपी-३ या तांबेरा-प्रतिकारक जनुकांवर तिथल्या पैदासकारांची भिस्त होती. काही हंगामांतच बुरशीनं दोन्ही निकामी केले. यातला आरपीपी-३ आपल्या भारतातल्या 'अंकुर' वाणात सापडलेला. एकेका जनुकाच्या भरवशावर राहिलं की असं होतं. मग २००६ पासून तिथल्या राज्यांनी सक्तीचा नियमच केला: वर्षातले दोन-तीन महिने शेतात सोयाबीनचं एकही हिरवं रोप ठेवायचं नाही, आपोआप उगवलेलंसुद्धा उपटायचं. कारण ही बुरशी जिवंत हिरव्या पानावरच वाढते. पान नाही तर पुढच्या पेरणीवर उडून येणारे बीजाणूही कमी.

आणि आपण काय करतो? बियाण्याचा तुटवडा आहे म्हणून उन्हाळी सोयाबीन घ्या, असं सांगत फिरतो. तुटवडा खराच आहे. पण कृष्णाकाठी पाणी आहे, ओल आहे, तिथं उन्हाळ्यात सोयाबीन उभं केलं की बुरशीला बारा महिने घर मिळतं. बारा महिने म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत आपल्या वाणावर मात करणारा एखादा प्रकार निपजण्याची संधी. चांगला प्रतिकारक जनुक शोधून तो वाणात आणायला दहा-बारा वर्षं सहज जातात. तो असा उधळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उन्हाळी बीजोत्पादन करायचंच तर मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या, रखरखीत पट्ट्यात करा. तिथल्या उन्हात तांबेरा जोर धरत नाही.

संशोधनात जाल तर वाणात एकाऐवजी दोन-तीन जनुक एकत्र आणा, प्लॉट चालू ठेवा, पानं जपा. त्यासाठी वरिष्ठांशी भांडावं लागलं तर भांडा. आणि तुमच्यातले काही जण कृषी खात्यात, बियाणे महामंडळात बसतील. उन्हाळी सोयाबीन बीजोत्पादनाच्या गावांची यादी सहीसाठी तुमच्यापुढं येईल. त्यातली कृष्णाकाठची गावं खोडा, मगच सही करा.