पडवींतील पद्मिनी

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ सालापासून फिआटची जी आटोपशीर मोटार तयार होऊं लागली आणि जिला पुढें ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें, ती आपणांपैकीं बहुतेकांना ठाऊक असेलच. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि वडिलांनीं हौसेनें घेतलेली खाजगी पद्मिनी अजून एखाद्या पडवींत ताडपत्रीखालीं उभी आढळते. अशी गाडी घरच्याघरीं पुन्हां चालती कशी करावी, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

चालून मोटार झिजते, हें सर्वांस मान्य आहे. परंतु ती उभी राहून अधिक बिघडते, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. कोंकणांतील पावसाळ्याची दमट हवा सिलिंडरच्या भिंतींवर गंज चढविते आणि पिस्टनच्या कड्या त्यांत चिकटून बसतात. अशा वेळीं नवी बॅटरी जोडून किल्ली फिरविण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. चारहि स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकांत चमचाभर पातळ तेल सोडावें आणि तीन-चार दिवस गाडीकडे फिरकूं नये. मग सपाट जागेवर चौथा गिअर घालून ती हातानें किंचित् पुढें-मागें ढकलावी. इंजिन मोकळें झालें असेल तर प्लगच्या भोकांतून सुस्कारा ऐकूं येतो. न झाल्यास पुन्हां तेल आणि पुन्हां धीर. जोर मात्र नव्हे, कारण कडी तुटली कीं सगळें इंजिन उघडणें आलें.

एरव्हीं १०८९ घन सेंटिमीटरचें हें चार सिलिंडरचें इंजिन मोठें सोशिक आहे. ठिणगी पडत नसेल तर दोष बहुधा डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांवर जमलेल्या पटलाचा असतो. तें बारीक पॉलिश कागदानें घासावें. तारा काढण्यापूर्वीं त्यांवर क्रमांक चिकटवावे, कारण ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा वांकडा आहे. टाकींतील जुनें पेट्रोल उघड्या हवेंत, विस्तवापासून दूर काढून टाकावें. त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर कार्ब्युरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजलीं असें समजावें. पेट्रोलच्या रबरी नळ्याहि बदलाव्या; अलीकडील पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि तें जुन्या रबराला मानवत नाहीं.

इंजिनानें पहिला हुंकार दिला कीं घरांतील मंडळी अंगणांत जमतात. ‘चला, एक फेरी मारूं या!’ असा आग्रह सुरू होतो, आणि खरा धोका तेथेंच आहे. न सुरू होणारी मोटार कोणाचाहि जीव घेत नाहीं. सुरू होऊन न थांबणारी घेते. म्हणून माझें मत असें कीं, इंजिनाला हात लावण्याआधीं ब्रेक पाहावे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें; त्या पाण्यानें सिलिंडरला आंतून खड्डे पडतात आणि रबरी वाट्या कुजतात. पेडल दोन दिवस घट्ट लागतें आणि तिसऱ्या दिवशीं, उतारावर, सरळ जमिनीला टेंकतें! तेव्हां चारी चाकें उघडावीं, वाट्या नव्या घालाव्या आणि तेलहि नवें भरावें. तेथें चुकूनहि इंजिनाचें तेल घालूं नये. त्यानें रबर फुगतें.

पुढें नळ्यांतील हवा काढण्याच्या कामाला दोन माणसें लागतात. एकानें आंत बसून पेडल दाबावें आणि दुसऱ्यानें चाकापाशीं बसून बोंडी सैल करावी. ‘दाबलें’, ‘सोडूं नको’, ‘आतां सोड’ अशा आरोळ्यांनीं शेजारीं कंटाळतात, पण त्यास इलाज नाहीं. बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार येईपर्यंत हें चालू ठेवावें.

पहिली फेरी अंगणांतच, माणसाच्या चालीनें आणि दर चार पावलांना ब्रेक दाबून घ्यावी. ती संपल्यावर प्रत्येक ड्रमाजवळ हात नेऊन पाहावा. एखादा इतरांहून गरम लागला तर तें चाक अडकतें आहे, असें समजून पुन्हां उघडावें.