परीक्षापूर्व शिकवणीवर्ग : खर्च आणि फलित



सुरत हे नाव मराठी माणसाला प्रथम भेटते ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० साली ज्या संपन्न बंदरावर स्वारी केली, तेच हे शहर. सांप्रत तेथे हिऱ्यांना पैलू पाडले जातात, कापड विणले व छापले जाते; आणि खानदेशातून तापीकाठच्या लोहमार्गाने गेलेली हजारो मराठी कुटुंबे लिंबायत, उधना आदी भागांत नांदत आहेत. परंतु मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना सुरतेचे स्मरण होते ते एका दुःखद कारणाने.

२४ मे २०१९ रोजी दुपारी त्या शहराच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. सर्वांत वरच्या मजल्यावर चित्रकला व आरेखन शिकविणारा वर्ग भरला होता. खाली उतरण्याचा लाकडी जिना आगीत सापडला. अग्निशामक दलाच्या शिड्या वरपर्यंत पोहोचल्या नाहीत. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. एकंदर बावीस विद्यार्थी प्राणास मुकले. दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल लागला आणि मृतांपैकी काही मुली उत्तीर्ण झाल्याचे त्यात दिसून आले. प्राचीन विद्यापीठाचे नाव मिरविणाऱ्या वास्तूत हे घडावे, हा दैवदुर्विलास होय.

हा प्रसंग भीती घालण्यासाठी सांगितलेला नाही. शिकवणीवर्ग निवडताना पालक फलकावरील छायाचित्रे पाहतात, फीचे हप्ते विचारतात. जिना मात्र पाहत नाहीत. वस्तुतः पैसे मोजून आपण नेमके काय विकत घेतो, हेच पुष्कळदा तपासले जात नाही. तो हिशेब मांडणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

पूर्वी शालान्त परीक्षेचे गुण हीच महाविद्यालयाची किल्ली असे. सुरतेत १९६१ साली अभियांत्रिकीचे आणि १९६४ साली वैद्यकीय शिक्षणाचे सरकारी महाविद्यालय निघाले, तेव्हा शिकवणी होती ती मुख्यतः अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी. पुढे प्रवेशपरीक्षांचे महत्त्व वाढले आणि हुशार मुलांचीही पावले शिकवणीकडे वळली. राजस्थानातील कोटा शहरात व्ही. के. बन्सल या अभियंत्याने आजारपणामुळे घरीच शिकविण्यास प्रारंभ केला आणि १९९१ साली त्याला वर्गाचे रूप दिले. पाहता पाहता ते अवघे शहर शिकवणीवर जगू लागले. त्याच कोट्यात २०२३ साली वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, हीही त्या जमाखर्चातील एक नोंद आहे.

आता फलिताकडे वळू. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ ही परीक्षा असते. तिच्या शिकवणीवरील संशोधनाचा आढावा डेरेक ब्रिग्ज या अभ्यासकाने २००९ साली घेतला. सोळाशे गुणांच्या मापावर शिकवणीने होणारी सरासरी वाढ सुमारे तीस गुणांची असल्याचे त्यात आढळले. जाहिरातींतील आश्वासने याहून फार मोठी होती. अर्थात् हे माप जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाही. ती परीक्षा सामान्य योग्यता अजमावते. ‘नीट’ आणि ‘जेईई’ या परीक्षा ठराविक अभ्यासक्रमावर आधारलेल्या आहेत. अभ्यासक्रम शिकविता येतो, म्हणून आपल्याकडे शिकवणीचा लाभ अधिक असणे संभवनीय आहे. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनेही २०२१ साली असेच नोंदविले की, ‘नीट’मधून प्रवेश मिळविणाऱ्यांत शिकवणी घेतलेल्यांचेच प्रमाण फार मोठे आहे.

तथापि यशस्वी मुलांनी वर्ग लावला होता, एवढ्यावरून वर्गामुळेच ते यशस्वी झाले असे सिद्ध होत नाही. नामांकित वर्ग स्वतःच चाचणी घेऊन, फीमध्ये सवलत देऊन हुशार मुले गोळा करतात. पुढे त्यांचे यश फलकावर झळकते. एकच विद्यार्थी दोन-दोन संस्थांच्या जाहिरातींत दिसावा, असेही घडले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दिशाभुलीबद्दल अनेक संस्थांना दंड केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमच घालून दिले. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून वापरता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ व पैसे भरून घेतला की काय, हेही सांगावे लागते. फलक वाचताना हे प्रश्न प्रत्येक पालकाने विचारावेत.

याहून खोल मुद्दा जागांचा आहे. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी ‘नीट’ला बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. सर्वांनी उत्तमातील उत्तम वर्ग लावला, तरी एकही जागा वाढणार नाही. उत्सवात पालखी पाहण्यासाठी पुढच्या रांगेने टाचा उंचावल्या की मागच्यांनाही त्या उंचावाव्या लागतात. पाय सर्वांचे दुखतात, दर्शन मात्र पूर्वीइतकेच घडते.

मग वर्ग निरर्थक आहेत काय? तसेही नाही. लिंबायतमधील एखाद्या यंत्रमाग कामगाराची कन्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेतून पुढे येते. घरी भौतिकशास्त्र समजावणारे कोणी नाही. ‘नीट’ २०१७ पासून मराठीतही देता येते. परंतु गुजरातची ‘गुजकेट’ परीक्षा गुजराती, हिंदी व इंग्रजी या भाषांतून होते. अशा मुलीला चांगला शिक्षक मिळवून देणे हा अपव्यय नव्हे. ती तिची खरी गरज आहे. उलटपक्षी ज्या मुलास शाळेत समर्थ अध्यापक आहेत, त्याला केवळ शेजाऱ्याचा मुलगा जातो म्हणून तोच वर्ग लावणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे होय.

ही गरज ओळखावी कशी? उपाय सोपा व जवळजवळ फुकट आहे. फी भरण्यापूर्वी एक महिना मुलाने मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून घरीच सोडवाव्यात आणि हुकलेल्या प्रश्नांची तीन रकान्यांत नोंद ठेवावी : जे ठाऊकच नव्हते, जे ठाऊक असून चुकले, आणि जे वेळेअभावी राहिले. पहिला रकाना भरला तर शिक्षक हवा. उरलेले दोन भरले तर सराव हवा. आणि ‘नीट’मध्ये बरोबर उत्तरास चार गुण व चुकीस एक गुण वजा होत असल्याने सरावाचे मोल मोठे आहे. परंतु सराव विकत घ्यावाच लागतो असे नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने जादा तास, उजळणी आणि वारंवार चाचण्या यांच्या बळावर महाविद्यालयातच नाव मिळविले. केंद्र सरकार व कानपूरची आय.आय.टी. यांनी २०२३ साली ‘साथी’ हे विनामूल्य साधनही उपलब्ध करून दिले. जीवशास्त्रास ‘नीट’च्या ७२० पैकी ३६० गुण आहेत, आणि त्या तयारीचा पाया एन.सी.ई.आर.टी.चे साधे पाठ्यपुस्तकच आहे.

खर्चाचा हिशेबही पुरता मांडावा. एक लाख रुपये फीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरला की एक लाख अठरा हजार होतात. प्रवास, खानावळ व पुस्तके निराळी. शिवाय वर्गापायी बारावीकडे दुर्लक्ष झाले तर ते नुकसान वेगळेच. गुजरातेत अभियांत्रिकीच्या प्रवेशास ‘गुजकेट’बरोबर बारावीचे गुणही धरले जातात.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसावा, दिवसास पाच तासांहून अधिक शिकवणी नसावी, आठवड्यास सुट्टी असावी, प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी, इमारत अग्निसुरक्षेच्या नियमांत बसावी, आणि मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत मिळावी, अशी ती आहेत. कागदावरील तत्त्व प्रत्यक्षात उतरते ते विचारणारा पालक असला तरच. म्हणून पैसे भरण्याआधी आई-वडिलांनी एकदा स्वतः तो जिना चढावा, दुसरी वाट कोठे आहे ते पाहावे, आणि ती नसेल तर परत फिरावे.

सारांश, वर्ग बुद्धी विकत नाही; तो शिक्षक आणि शिस्त विकतो. ज्या घरी यांपैकी जे उणे असेल, तेवढेच घ्यावे. आणि मुलास एवढे निःसंदिग्धपणे सांगावे की, भरलेली फी हे त्याच्यावरील कर्ज नव्हे. निकाल कसाही लागला तरी संध्याकाळी घरी त्याचे ताट वाढलेलेच असेल. सरथाण्याच्या ज्या बावीस घरी मुले त्या संध्याकाळी परतली नाहीत, त्यांचे स्मरण ठेवून प्रत्येक कुटुंबाने हा विचार करावा, एवढीच विनंती.