औषधाआधी गाठीची ओळख
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मूत्राशय किंवा मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला, की कुटुंबाच्या ओठी एकच प्रश्न येतो : सर्वांत चांगले औषध कोणते? माझी नम्र विनंती अशी, की त्याआधी विचारावे : या गाठीचा स्वभाव कोणता?

लक्ष्यवेधी औषधांपैकी दोन आज महत्त्वाची आहेत. 'एर्डाफिटिनिब' ही गोळी आहे. कर्कपेशींच्या एफजीएफआर-३ या जनुकात ठरावीक बदल असेल, तरच ती द्यावयाची. पसरलेल्या रोगात सुमारे पाचांपैकी एका रुग्णात असा बदल आढळतो. इम्युनोथेरपीनंतरही रोग वाढलेल्या अशा रुग्णांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोथेरपीने निम्मे रुग्ण ७.८ महिन्यांहून अधिक जगले, तर गोळीने १२.१ महिन्यांहून अधिक.

'एनफोर्टुमॅब व्हेडोटिन' शिरेतून देतात. ते पेशीवरील नेक्टिन-४ या प्रथिनाला चिकटते आणि केमोचे औषध पेशीच्या आत सोडते. त्यासाठी जनुकचाचणी लागत नाही. पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने पहिलाच उपचार म्हणून दिल्यावर हाच कालावधी १६.१ वरून ३१.५ महिन्यांवर गेला. हे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले.

आकडे पाहून पहिले औषध हलके ठरवू नये. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण निराळे, उपचाराचा टप्पाही निराळा. त्रासही वेगळे आहेत. इंजेक्शनाने त्वचेवर पुरळ, हातापायांना बधिरता आणि रक्तशर्करेत वाढ होऊ शकते. मधुमेही रुग्णाने हे आधीच सांगावे. गोळी घेताना रक्तातील फॉस्फेट आणि डोळे तपासत राहावे लागतात.

नवे ते श्रेष्ठ, असेही नव्हे. 'सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकन'ला अमेरिकेत २०२१ मध्ये या रोगासाठी त्वरित मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये हा वापर मागे घेण्यात आला.

ही औषधे महाग आहेत. रोग बहुधा लांबतो, कायमचा जातोच असे नाही. म्हणून शेत किंवा दागिने विकण्यापूर्वी बायोप्सीचा जपलेला नमुना मागून घ्यावा, जनुकचाचणीविषयी विचारावे. आपल्या शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात, राज्य कर्करोग संस्थेत, सल्ला घ्यावा. दानशूरांनी औषधाइतकेच तपासणीलाही साहाय्य करावे. तेथे दिलेला रुपया पुढचे अनेक रुपये योग्य जागी लावतो.

आणि शेवटी, तंबाखू सोडावी. लघवीत एकदाच, न दुखता रक्त दिसले तरी तपासणी करावी. वेळीच सापडलेल्या रोगाला या महागड्या औषधांची गरज बहुधा पडत नाही.